चार घड्या, एक सोडायची

टाचणीमावशीच्या ओठांत कायम टाचण्या असायच्या. उजव्या कोपऱ्यात तीन-चार, कामाची घाई असली की मूठभर. कुणी काही विचारलं तर ती मानेनं हो म्हणायची, मानेनंच नाही म्हणायची, आणि अगदीच अडलं तर टाचण्यांच्या फटीतून एखादा शब्द बाहेर सोडायची, तोही घडी घालून. तिचा नवरा होता तोवर आल्यागेल्याला सांगायचा की जगातली माणसं मूग गिळून गप्प बसतात, आमच्या हिला टाचण्या लागतात. मूग निदान पचतात तरी. पुढं नवरा गेला, मशीन राहिलं, टाचण्या राहिल्या. तिचं खरं नाव गल्ली केव्हाच विसरली होती, आणि आठवण करून द्यायला तिला तरी तोंड कुठं मोकळं होतं?

नवे कपडे ती फारसे शिवायची नाही. तिचं काम आल्टरचं. कुणाची पॅन्ट आखूड करायची, कुणाचा कोट सैल करायचा, कुणाच्या बाह्या उतरवायच्या. असे दुसऱ्यांचे कपडे वर्षानुवर्षं उलटे करून पाहिले की माणसाला लोकांच्या अंगाची भाषा वाचता येते. कोण सुखावलंय, कोण काळजीनं झडलंय, कुठल्या पोरीनं जेवण टाकलंय, हे घरच्यांच्या आधी मावशीला समजायचं. पण ती बोलायची नाही, म्हणून गल्लीतली सगळी गुपितं तिच्या मशीनवर निर्धास्त पडलेली असायची.

दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, शेजारी इस्त्रीचं टेबल, खिळ्यांना लटकलेले लोकांचे कपडे. आतल्या खोलीत पलंग, आरशाचं कपाट आणि स्वयंपाकाचा ओटा. लेक वाढली ती मशीनच्या खाली. वरून कतरणी पडायच्या आणि ती खाली बसून त्यांचा संसार मांडायची. अक्षर गिरवण्याआधी ती तुरपाई शिकली. आईच्या वाट्याचंही तीच बोलायची. इतकं, की गिऱ्हाईकं म्हणायची, मावशीच्या मशीनला खालून रेडिओ बसवलाय.

सुट्टीच्या दुपारी मायलेकी चिंध्यांच्या बाहुल्या करायच्या. त्या बाहुल्यांचे हात कधी सारखे व्हायचे नाहीत. एक हात आई करायची, एक लेक. लेक म्हणायची, "राहू दे, लांब हातानं ही पाठ खाजवेल." मग मावशी टाचण्यांसकट हसायची, आणि टाचण्या मांडीवर सांडल्या की दोघी जमिनीवर रांगत त्या गोळा करायच्या. मावशीच्या आयुष्यात सुख म्हणून जे काही झालं, ते बहुतेक त्या फरशीवर रांगताना झालं.

लेक मोठी झाली, कपड्यांच्या कारखान्यात लागली. तिथं तिला कॉलरच्या लायनीत बसवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसत्या कॉलरी. घरी येऊन म्हणायची, "आई, मी शिवलेली माणसं गळ्यापुरतीच असतात. खाली त्यांचं काय होतं देव जाणे." मग मालाची गाडी चालवणाऱ्या एका शांत माणसाशी तिनं लग्न केलं. मावशीला जावई आवडला, कारण तोही बोलायचा नाही. लेक म्हणायची, दोन मुक्यांमध्ये मी एकटी किती बोलू? तिला मुलगी झाली, ती पोरगी कतरणींच्या ढिगावर टाकल्याशिवाय झोपायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं चिंधी.

आता चिंधीच्या कपड्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या घरात लेकराचं माप टेपनं घेत नसत. टेप बघितली की पोरं पळतात, आणि धरून उभी केली तर पोट फुगवतात. म्हणून मावशीच्या आईपासून चालत आलेली एक रीत होती. आईचा अंगाबरोबर बसणारा झगा जमिनीवर सपाट पसरायचा. छातीच्या रुंदीला उभ्या चार घड्या घालायच्या. एक सोडायची. उरलेल्या तीन लेकराच्या. तेवढ्या रुंदीचा फ्रॉक पोरीला बरोबर बसतो, थोडा सैलसर, पळता येईल असा. कुणी विचारलं की पोर तर वाढत जाते, तिच्याबरोबर हा हिशेब कसा वाढेल, तर लेकीकडं उत्तर तयार असायचं: "पोर वाढते तशी आईही पसरते की. कुणी थांबतंय होय?" आणि खरंच, त्या रीतीनं कापलेलं कापड कधी वाया गेलं नव्हतं. चिंधीलाही ते पाठ होतं. झगा पसरला की ती घडीवर घडी मोजायची आणि शेवटी ओरडायची, "एक सोडायची!"

लेकीला पोटाचं दुखणं लागलं तेव्हा चिंधी पहिलीत जात होती. आधी अपचन म्हणून झालं, मग अल्सर म्हणून, मग मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जावयाला आणि मावशीला वेगळं बसवून जे सांगायचं ते सांगितलं. जावयाची गाडी आठवड्यातले चार-चार दिवस बाहेर असायची, म्हणून लेक आईकडं आली, आतल्या खोलीतल्या पलंगावर. औषधं अशी जहाल, की साधी सर्दीही तिला चालणार नव्हती, आणि चिंधी तर शाळेतून रोज एक नवी शिंक घेऊन यायची. म्हणून चिंधी आत्याकडं राहायला गेली. रविवारी बापाबरोबर यायची आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहायची. आत यायचं नाही, असं ठरलेलं. आई पलंगावरून, पोर दारातून. दोघी एकमेकींकडं बघत गप्पा मारायच्या, आणि मधे दहा पावलांची फरशी.

दुखण्याच्या सुरुवातीलाच एक दिवस लेक आवळ पट्टीचा आपला आवडता स्कर्ट घालायला गेली आणि तो कमरेवरून घसरून पायाशी पडला. ती तशीच पलंगावर बसली. पट्टी हातात धरून, स्कर्टकडं बघत. म्हणाली, "आई, मी संपत चालले गं." आणि त्यानंतर दोन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

मावशीला बोलून धीर देणं कधी जमलंच नव्हतं. तिला जमत होतं ते एकच. तिनं तो स्कर्ट उचलून नेला आणि कुणाला तरी देऊन टाकला. मग लेकीच्या घरातल्या वापराचे तीन झगे होते, पुढं बटणांचे, अंगासरशी बसणारे, ते तिनं एकेक करून धुवायला घेतले. वाळल्यावर दोरीवरून काढले. आणि कपाटात जाण्याआधी प्रत्येक झगा मशीनखालून गेला. जुनी शिवण तशीच ठेवायची, तिच्या आतल्या अंगानं नवी टीप मारायची. दोन्ही बाजूंनी एकेक बोट कमी. खांद्यालाही जरासं.

लेकीनं झगा घातला. आरशात बघितलं. झगा पहिल्यासारखाच बसला होता. त्या दिवशी ती जेवली.

मग ते कामच होऊन बसलं. लेक आटायची, झगा आटायचा. दर थोड्या दिवसांनी धुणं, दोरी, मशीन, कपाट. घरात मशीनचा आवाज म्हणजे नळाच्या पाण्यासारखा, त्याचा संशय कुणाला येणार? मावशी जास्तीचं कापड कापून टाकायची नाही. ते आत दाबून ठेवायची. पुन्हा अंग धरलं की एकेक टीप काढत जायची, असं तिच्या मनात होतं. आल्टरवाल्या बाईला माहीत असतं, कापलेलं कापड परत येत नाही.

दवाखान्यात वजन करायची वेळ आली की मावशी काट्याच्या आकड्यासमोर जाऊन उभी राहायची, आणि सिस्टरला आधीच हात जोडून सांगितलेलं असायचं की आकडा मोठ्यानं म्हणू नका. सिस्टरही बिचारी मुकाट्यानं लिहून घ्यायची. लेक काट्यावर उभी राहून छताकडं बघायची आणि म्हणायची, "आई, तू दरवेळी इथंच का गं उभी राहतेस? तुझं वजन करायचंय का?"

खालच्या कोपऱ्यावर बटणवाल्याचं दुकान होतं. बटणं, दोरे, लेस, चेन, सगळं चिमटीत मावेल असं. मावशी त्याच्याकडून निळा, तपकिरी आणि डाळिंबी, असे तीन रंगांचे दोरे पुन्हा पुन्हा न्यायला लागली. एकदा तो म्हणाला, "मावशी, तेच तीन दोरे? कुणाचा तंबू शिवताय काय?" मावशीनं नुसतं वर बघितलं. त्यानंतर त्या माणसानं दोरे पुडीत बांधून देण्याशिवाय तोंड उघडलं नाही, आणि दरवेळी पुडीत एखादं शोभेचं बटण फुकट टाकायला लागला, पोरीसाठी म्हणून.

लेक कधी कधी बसल्या बसल्या झग्याच्या बाजूच्या शिवणीवरून बोटं फिरवायची. वर-खाली, वर-खाली. मावशीचा जीव टांगणीला लागायचा. एकदा लेक म्हणाली, "दोरा जरा उजळ वाटतोय ना गं इथं?" मावशीनं खिडकीकडं हात केला. ऊन. लेकीनं मान हलवली. म्हणाली, असेल. आणखी एकदा म्हणाली, "हल्ली कपडे कसे बरोबर बसतात. तब्येत सुधारतेय वाटतं माझी." मावशी त्या दिवशी ओट्याकडं तोंड करून उभी राहिली आणि पातेलं घासत बसली, ते आधीच घासलेलं होतं.

एका संध्याकाळी लेकीनं तिला पलंगाशी बसवून घेतलं.

"आई, टाचण्या काढ ना जरा. बोल की माझ्याशी काहीतरी."

मावशीनं मान हलवली आणि हातानं खूण केली, काम आहे. तिच्या मांडीवर काम नव्हतं. रिकाम्या मांडीकडं दोघींनीही बघितलं. लेक हसली, आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून पडून राहिली.

त्यानंतरच्याच आठवड्यात तिनं फ्रॉकचं काढलं. चिंधीचा वाढदिवस दोन-अडीच महिन्यांवर होता. लेक म्हणाली, मी हातानं शिवते, पडल्या पडल्या होईल. कापड तिनंच निवडलं, निळं, त्यावर बारीक पांढरे ठिपके. बटणवाल्यानं फुकट दिलेली फुलाफुलांची बटणं डबीत होतीच. मावशीला इतका आनंद झाला की तिनं टाचण्या काढून ठेवल्या आणि आपणहून म्हणाली, "गळ्याला पांढरी पायपिंग घाल."

"माप तू टाक," लेक म्हणाली. "माझा हात कापतो. खडू सरळ जायचा नाही."

मावशीनं लेकीचा निळा झगा फरशीवर पसरला. हात फिरवून सपाट केला. चार घड्या घातल्या. एक सोडली. उरलेल्या तीन कापडावर ठेवून खडूनं रेघ ओढली. हे सगळं तिच्या हातांनी केलं. डोक्याला हातांनी विचारलंच नाही. जो झगा तिनं स्वतः आठ-दहा दिवसांमागं पुन्हा एकदा आवळला होता, त्याच झग्यावरून ती नातीचं माप घेत होती, आणि तिच्या ते ध्यानात आलं नाही. चाळीस वर्षांची सवय, ती कुठं थांबून विचार करते?

लेक पलंगावरून बघत होती. खडूची रेघ पूर्ण झाली तशी क्षणभर तिनं तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार अशी. मग मिटलं. म्हणाली, "कात्री मात्र मी धरणार. कापड इकडं दे, आणि दूध उतू जाईल बघ." मावशी उठून ओट्याकडं गेली. पाठीमागं कात्रीचा कर्र कर्र आवाज येत राहिला, मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

मग रोज दुपारी लेकीच्या हातात ते निळं कापड असायचं. एक टाका घालायचा, दम खायचा, दुसरा टाका घालायचा. त्या दिवसांत घर पुन्हा हसायला लागलं. मावशी पलंगाशी बसून काज करायची आणि लेक तिच्या काजांना नावं ठेवायची. म्हणायची, आमच्या कारखान्यात असतीस तर पहिल्या दिवशीच घरी पाठवली असती. रविवारी चिंधी उंबऱ्यावर आली की फ्रॉक उशीखाली जायचा. चिंधी विचारायची, उशीखाली काय आहे? आई म्हणायची, उंदीर. मग ती चिंधीला चौकटीला पाठ लावून ताठ उभी राहायला सांगायची, हात पसरायला सांगायची, गोल फिरायला सांगायची, आणि डोळे बारीक करून बघत राहायची. मावशीला वाटायचं, मायेनं बघतेय. बघत होतीच मायेनं. पण तेवढंच नव्हतं.

मापाला म्हणून लेकीनं तो निळा झगा उशाशीच ठेवून घेतला होता, त्याला मधे नवी टीप पडली नव्हती. फ्रॉक होत आला तेव्हा मावशीनं तो सवयीनं त्या झग्याच्या तीन घड्यांवर ठेवून पाहिला. काडीचाही फरक नाही. फक्त बाजूला बोटांना जरा जाड लागलं. तिनं तसं खुणेनं विचारलं. लेक म्हणाली, "आत दाबलंय थोडं. पोर वाढणारच ना." आणि मग, सुई उशीला टोचत, सहज बोलावं तसं म्हणाली, "हा कधी घट्ट झाला तर तूच उसव हं आई. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. आणि घाबरू नकोस. आपल्या माणसाचं काही उसवायचं म्हटलं की तुझा हात थरथरतो."

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं मान डोलावली.

लेक गेली ती दुपारी. मावशी बाहेरच्या खोलीत मशीनवर होती. दोरीवरून काढलेला डाळिंबी झगा मशीनखाली होता, एका बाजूची टीप निम्म्यावर आली होती. आतून काही पडल्याचा नाही, हाकेचा नाही, कसलाच आवाज आला नाही. मशीन चालू होतं, आणि मशीन थांबवल्यावर मावशीच्या ध्यानात आलं की आतला श्वास ऐकू येत नाही. त्या बाजूची टीप तशीच अर्धी राहिली.

पुढचे दिवस कसे गेले हे मावशीला विचारून उपयोग नाही. लोक येत होते, बोलत होते, ती मान हलवत होती. आल्टरचे कपडे खिळ्यांवर तसेच लटकत राहिले आणि गल्लीतली माणसं मुकाट्यानं ढगळ कपडे घालून हिंडत राहिली. कुणी तगादा लावला नाही. आणि चिंधी आता उंबरा ओलांडून आत येऊ शकत होती. पहिल्यांदा आली तेव्हा ती सवयीनं उंबऱ्यावरच थांबली, आणि बापानं पाठीवर हात ठेवून पुढं ढकललं तेव्हा रिकाम्या पलंगाकडं बघून पुन्हा मागं सरली.

वाढदिवसाच्या सकाळी जावई तिला घेऊन आला. मोठा गाजावाजा करायचा नाही असं ठरलं होतं. चिंधीला फक्त फ्रॉक हवा होता. तिला आता माहीत होतं की उशीखाली उंदीर नव्हता.

मावशीनं कपाटातून फ्रॉक काढला. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, गळ्याला पांढरी पायपिंग, पाठीवर फुलाफुलांची बटणं. चिंधीनं दोन्ही हात वर केले. फ्रॉक डोक्यातून आला, खांद्यांवर आला, आणि काखेपाशी अडला. मावशीनं हळूच खाली ओढला. आला नाही. चिंधीनं पोट आत घेतलं, श्वास धरला. जावयानं मागून बटणं लावून पाहिली. दोन काठांच्या मधे तीन बोटांची फट. तो हळू म्हणाला, "राहू द्या आई. दुसरा घालेल ती."

चिंधी रडली नाही. ते अडकलेलं कापड खाली बघत उभी राहिली आणि म्हणाली,

"आईला मी केवढी आहे ते आठवलंच नाही."

मग ती पुन्हा म्हणाली, आता आजीकडं बघून, "मी आत यायचे नाही ना, म्हणून. ती विसरली."

मावशीला तो निळा झगा दिसला, फरशीवर पसरलेला. आपले हात दिसले, चार घड्या घालणारे. कुठल्या झग्याच्या चार घड्या? चार-चार वेळा आवळलेल्या, लेकीबरोबर आटत गेलेल्या झग्याच्या. लेकीपासून लपवायला म्हणून जी टीप मारली, तिनं नातीचा फ्रॉक खाल्ला होता. लेकीच्या हातची शेवटची वस्तू आपल्या खोटेपणानं बिघडली, आणि ही पोर जन्मभर म्हणत राहणार की आई मला विसरली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या गल्लीची अंगं वाचणाऱ्या बाईला स्वतःच्या हातातलं माप वाचता आलं नव्हतं.

तिनं फ्रॉक चिंधीच्या अंगातून काढला. उलटा केला. आत दाबलंय थोडं, असं लेक म्हणाली होती. थोडं म्हणजे किती, एखादं बोट. त्यानं काय होणार? पण काहीतरी करायचं होतं. तिनं छोटी कात्री घेतली आणि खिडकीशी जाऊन बाजूची शिवण उजेडात धरली.

आणि तिचा हात थांबला.

शिवणीच्या आत बोटभर नव्हे, चांगलं अडीच-तीन बोटं कापड होतं. दोन्ही बाजूंना. पण कात्री थांबली ती त्यामुळं नाही. त्या दाबलेल्या कापडाच्या काठाशी आणखी एक शिवण होती. बारीक, घट्ट, दाणा दाणा मोजून घ्यावा अशा बखियाच्या टाक्यांची, दोन्ही टोकांना गाठ मारलेली, कायमची. आणि तिच्या आतल्या अंगानं, खडूच्या रेघेवरून, दुसरी. ती नुसत्या धावदोऱ्याची. लांब लांब टाके. तिला गाठच नव्हती. दोऱ्याचं टोक चिमटीत यावं इतकं लांब सोडलेलं होतं.

त्या घरात गाठ मारल्याशिवाय दोरा कुणी कधी तोडला नव्हता.

जुनी शिवण तशीच ठेवायची आणि आतून दुसरी मारायची, ही मावशीचीच चाल होती. अगदी तीच. मावशीनं दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. दोरा सुळकन निघून आला, एका दमात, वरपासून खालपर्यंत. दुसऱ्या बाजूचाही. हातात फ्रॉक रुंद होत गेला.

चिंधीच्या डोक्यातून तो या वेळी न अडता खाली आला. खांद्यांवर बसला, काखेतून सरकला, छातीवर थोडा सैलसर राहिला. पळता येईल असा. जावयानं मागची बटणं लावली, एकेक, खालपासून वरपर्यंत, आणि शेवटचं बटण लावून झाल्यावरही तो बराच वेळ पोरीच्या पाठीमागंच बसून राहिला, तोंड दिसू नये म्हणून.

मावशी फरशीवर बसली होती, हातात दोन दोरे. एकेक गोष्ट तिला आता उलटी होऊन दिसत होती. शिवणीवरून फिरणारी ती बोटं. उजळ वाटणारा दोरा. छताकडं बघत काट्यावर उभं राहणं. तब्येत सुधारतेय वाटतं माझी. खडूची रेघ बघून उघडलेलं आणि मिटलेलं तोंड. रेघ चुकलीय असं म्हटलं असतं, तर का चुकली तेही म्हणावं लागलं असतं, आणि मग आईनं एवढ्या जिवानं सांभाळलेलं उघडं पडलं असतं. म्हणून लेकीनं रेघेच्या बाहेरून कापलं, खरं माप आधी शिवलं, आणि त्याच्यावर आईच्या समाधानाचं खोटं माप शिवलं. दम खात, एक टाका, मग दुसरा टाका. झग्याच्या आत बोटांनी चाचपून तिनं जुनी शिवण शोधली असेल, मूळची, ती भरल्या अंगाची होती तेव्हाची. म्हणजे तिला किती आटलोय ते बोटाबोटानं माहीत होतं. पहिल्यापासून.

आणि आपण तिला एकदाही जवळ घेऊन रडू दिलं नाही. टाचण्या काढ म्हणाली होती. तेवढंच तर मागितलं होतं तिनं.

"आजी," चिंधी म्हणाली, "आता कसा बसला?"

मावशीनं ओठांतल्या टाचण्या काढल्या. एकेक करून, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या.

"तुझ्या आईला तू केवढी आहेस ते बरोबर माहीत होतं बाळा. दारात उभं करून बघायची ना तुला? बोटभरही चुकली नाही ती. माप मी टाकलं होतं. मी चुकीचं टाकलं."

"मग आईनं तुला सांगितलं का नाही?"

मावशीनं तोंड उघडलं. या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर होतं, पण सहा वर्षांच्या पोरीला पेलेल असं नव्हतं, आणि तिला स्वतःलाही पेलत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "तिनं सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही." आणि मग तिला रडू आलं. लेक गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, खालच्या दुकानात बटणवाल्यानं मान वर करावी इतक्या मोठ्यानं. चिंधी आधी घाबरली. मग नवा फ्रॉक सावरत तिच्याजवळ येऊन बसली आणि आई करायची तसा तिनं आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुपारी जावई पोरीला न्यायला उठला तेव्हा चिंधी म्हणाली, मी थांबते. तो एकटाच गेला. मावशीनं कपाटातून लेकीचा निळा झगा काढला, उलटा केला, आणि आपण मारलेल्या टिपा उसवायला बसली. सगळ्यांत आतली आधी, मग तिच्या बाहेरची, मग तिच्याही बाहेरची. हात थरथरत होता, पण ती थांबली नाही. प्रत्येक टीप निघाली की कापडावर सुईच्या भोकांची एक रेघ मागं राहायची. त्या रेघा काही इस्त्रीनं जाणार नव्हत्या. लेक कशी कशी उतरत गेली, ते त्यांवर वाचता येत होतं, आणि मावशीनं ते एकदाचं सगळं वाचलं.

शेवटी मूळची शिवण तेवढी उरली. मावशीनं झगा फरशीवर पसरला आणि हात फिरवून सपाट केला. पहिल्यासारखा रुंद. तिच्यानं पुढं काही होईना.

चिंधी गुडघ्यांवर बसली. तिनं झग्याला एक घडी घातली. मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी, जीभ बाहेर काढून, काठाला काठ जुळवत. एक घडी तिनं उलगडून बाजूला टाकली. उरलेल्या तीन उचलून स्वतःच्या छातीशी, नव्या फ्रॉकवर धरल्या, आणि खाली बघितलं.

या वेळी ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "एक सोडायची."